फोन वळतो, नेम चुकतो

मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळांत नेम धरायच्या दोन रीती आहेत. पहिली सगळ्यांच्या सवयीची. उजवा अंगठा काचेवर सरकवला की पडद्यावरचे दृश्य त्या बाजूला वळते. दुसऱ्या रीतीत अंगठा जागचा हलवायचा नाही, अख्खा फोनच किंचित कलवायचा, म्हणजे त्याच्याबरोबर बंदूक वळते. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, खेळणारी मुले हिला नुसते ‘जायरो’ म्हणतात. चंद्रपूर असो, बल्लारपूर असो की अहेरी, पहिल्यांदा जायरो चालू करणाऱ्याचा अनुभव साधारण एकच असतो. नेम भलतीकडे जातो, बंदूक आभाळाकडे बघते, समोरचा गडी आरामात टिपून जातो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सेटिंग बंद करून निकाल जाहीर होतो की हे आपल्याला जमणारे नाही. हा निकाल घाईचा तर आहेच, पण तो चुकीच्या आरोपीवर लावलेला आहे असे माझे म्हणणे आहे. माणसाचा हात जवळपास कोणतीही उफराटी रीत शिकू शकतो. त्यासाठी यंत्राने दोन गोष्टी पाळाव्या लागतात. हाताच्या प्रत्येक हालचालीला त्याने लगेच उत्तर द्यावे आणि त्याच हालचालीला तेच उत्तर दर वेळी द्यावे. या अटी पाळल्या गेल्या तर काही दिवसांत हात वळतो. नाही पाळल्या तर कितीही सराव केला तरी फारसे काही हाती लागत नाही. त्यामुळे हाताला दोष देण्याआधी यंत्र तपासायला हवे.

फोन कलवून खेळणे आपल्याकडे नवे नाही. २०११ साली आलेला टेम्पल रन अनेकांना आठवत असेल. त्यात पळणाऱ्या माणसाला रस्त्याच्या डाव्या-उजव्या कडेला न्यायचे तर फोन तिरका करावा लागे. पण ते काम अॅक्सेलरोमीटर नावाच्या संवेदकाचे होते. तो गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणजे ‘खाली’ कुठे आहे एवढे त्याला कळते. खाटेवर आडवे पडून असा खेळ खेळायला गेले की त्याचा गोंधळ उडे, कारण फोनच्या दृष्टीने ‘खाली’च बदललेले असे. जायरोस्कोप वेगळा. फोन कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने वळतो आहे ते तो मोजतो. चिपमध्ये कोरलेला, डोळ्याला न दिसणारा एक इवलासा भाग सतत थरथरत असतो. फोन वळला की कोरिऑलिस परिणामामुळे त्या थरथरीची दिशा किंचित ढळते आणि त्या ढळण्यावरून वळण्याचा वेग काढला जातो. २०१० साली आयफोन ४ मध्ये हा संवेदक आला आणि मग हळूहळू इतरांनी तो घेतला. त्याला पडून खेळा की बसून खेळा, फरक पडत नाही. मात्र त्याची एक गंमत आहे. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या एसटीत बसून जायरोवर खेळणाऱ्याचा नेम रस्त्याच्या प्रत्येक वळणावर आपोआप सरकेल. हात स्थिर असला तरी बस वळली म्हणजे फोनही वळला, आणि तो हाताने वळवला की ड्रायव्हरने, हे संवेदकाला कळायचा मार्ग नाही.

आता हात का चुकतो, ते पाहू. आपण एखादी हालचाल करतो तेव्हा तिचा परिणाम काय होईल याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. अंगठ्याने खेळणाऱ्याच्या मेंदूत ‘एवढे सरकवले की एवढे वळते’ असा हिशोब वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्का झालेला असतो. जायरो चालू केला की हा हिशोब जातोच, शिवाय एक नवी अडचण उभी राहते. ज्या पडद्याकडे बघून नेम धरायचा तो पडदाच हातांबरोबर हलतो. त्यातून अंगठाही जुन्या सवयीने काचेवर फिरत राहतो आणि एका नेमावर दोन हुकूम चालू लागतात. पहिल्या दिवशी वाटणारा अवघडपणा म्हणजे जुना अंदाज आणि नवा परिणाम यांच्यातले अंतर. आपल्यात ती कुवतच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

हे अंतर भरून निघते याचे पुरावे सव्वाशे वर्षांपासून आहेत. १८९०च्या दशकात कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी एका डोळ्यावर जग उलटे दाखवणारी भिंगे लावली, दुसरा डोळा झाकला आणि आठ दिवस तसेच वावरले. वरचे खाली, डावे उजवे. सुरुवातीला साधी वस्तू उचलणेही कठीण होते, पण शेवटच्या दिवसांत त्यांच्या हालचाली बऱ्याच सरळ झाल्या होत्या. दुसरा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. वैद्यकाच्या इतिहासात एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या रुग्णाची १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नवे काही लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. आरशात हाताची दिशा उलटी दिसते, त्यामुळे कुणाचीही रेघ सुरुवातीला भरकटते. तीन दिवसांत एच. एम. यांच्या चुका कमी-कमी होत गेल्या, आणि तरी आपण हे काम पूर्वी कधी केले आहे हे त्यांना आठवत नव्हते. मिल्नर यांनी हे निष्कर्ष १९६२ साली मांडले. हाताचे शिकणे समजून-उमजून, आठवून केलेल्या शिकण्याहून वेगळ्या वाटेने होते, हे त्यातून दिसले. ‘मला जायरोची सगळी माहिती आहे, व्हिडिओ पाहिलेत, तरी जमत नाही’ या तक्रारीचे उत्तर इथेच आहे. व्हिडिओ डोक्याला शिकवतो. हाताला मात्र स्वतः चुकावे लागते.

चुकावे लागते, पण कसेही चुकून चालत नाही. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्झफेल्ड, शादमेहर आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना एक यांत्रिक दांडी धरून हात ठरावीक ठिकाणी न्यायला सांगितले आणि वाटेत दांडीने हाताला बाजूला ढकलले. काही जणांच्या बाबतीत ढकलण्याची दिशा बराच वेळ एकच राही, काहींच्या बाबतीत ती भराभर बदले. जिथे दिशा टिकून होती तिथे मेंदू प्रत्येक चुकीतून जास्त शिकू लागला. जिथे ती सारखी बदलत होती तिथे मेंदूने चुकांकडे लक्ष देणेच कमी केले. मला हा निष्कर्ष आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा वाटतो. बीजीएमआयमध्ये जायरोची सेन्सिटिव्हिटी टक्क्यांत ठरवायची असते, तीही प्रत्येक स्कोपसाठी, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरायच्या भिंगासाठी, वेगळी. साधी रेड डॉट वेगळी, ३एक्स वेगळी, ६एक्स वेगळी. नवशिका दोन डाव हरला की आकडे बदलतो, मग कुणा नामवंत खेळाडूचे ‘सेन्सिटिव्हिटी कोड’ उतरवून घेतो, तेही दोन दिवसांत टाकून तिसऱ्याचे घेतो. प्रत्येक बदलाबरोबर ‘एवढे कलवले की एवढे वळते’ हे प्रमाण बदलते आणि हाताने कालपर्यंत गोळा केलेला हिशोब रद्द होतो. तो सराव करतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो स्वतःच्या मेंदूला पटवून देत असतो की इथल्या चुकांवर विश्वास ठेवू नकोस.

दुसरी अट वेळेची, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तिच्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. १९६६ साली रिचर्ड हेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हात हलवल्यानंतर त्याची प्रतिमा पाव सेकंदाहून थोडी जास्त उशिरा दाखवली तर बदललेल्या दृष्टीशी जुळवून घेणे जवळपास थांबतेच. १९९५ साली जपानमधल्या कितझावा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत सेकंदाच्या विसाव्या भागाइतक्या उशिरानेही शिकणे कमी झालेले दिसले. हे ऐकले की कुणीही म्हणेल, मग आमच्याकडे काय शिकणार? गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. गावे विखुरलेली, टॉवर लांब. पिंगचा, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा लाल झाला की खेळ अडखळतो. पण इथे दोन वेगवेगळे उशीर एकत्र मिसळले जातात. फोन कलवल्यावर पडद्यावरचे दृश्य वळते ते काम फोनच्या आतच होते, त्यासाठी सर्व्हरला विचारावे लागत नाही. नेटवर्कवर अवलंबून असते ते समोरचा खेळाडू नेमका कुठे आहे आणि गोळी लागली की नाही, हे. म्हणजे खराब नेटवर्कने डाव हरतो, पण हात आणि दृश्य यांच्यातला धागा तुटत नाही. खेळातल्या सराव मैदानात स्थिर लक्ष्यांवर नेम धरणाऱ्याला धानोऱ्यातही तेच शिकता येईल जे नागपुरात शिकता येते.

खरी आडकाठी फोनची आहे. अनेक स्वस्त फोनमध्ये अॅक्सेलरोमीटर असतो, पण जायरोस्कोप नसतोच. काहींत त्याच्या जागी ‘व्हर्च्युअल जायरोस्कोप’ असतो, म्हणजे इतर संवेदकांच्या मोजमापांवरून वळण्याचा नुसता अंदाज बांधला जातो. हा अंदाज मागे पडतो, थरथरतो, आणि सारख्या हालचालीला दर वेळी सारखे उत्तर देत नाही. त्यात फोन सेकंदाला ३० चित्रे जेमतेम दाखवत असेल तर प्रत्येक चित्रामागे ३३ मिलिसेकंद जातात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या फोनवर हाच वेळ निम्मा होतो. खेळ चालू असताना फोन तापला की वेग आणखी घसरतो, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात फोन तापायला निमित्त लागत नाही. अशा फोनवर महिनाभर झगडून ‘माझा हातच जड आहे’ म्हणणारा मुलगा स्वतःवर अन्याय करतो. दोन मुलांपैकी एकाचा फोन खरे उत्तर देतो आणि दुसऱ्याचा खोटे, एवढाच त्यांच्यात फरक असू शकतो. आपण मात्र त्याला कौशल्यातला फरक समजतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अंगठ्याने उत्तम खेळणारे पुष्कळ आहेत, मग चालू हात मोडून नवा कशाला घडवायचा? चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात हा प्रश्न खेळाबाहेरही पडतो. दुर्गापूर, घुग्घुस, सास्ती इथल्या उघड्या खाणींच्या या पट्ट्यात ‘ओबी’, म्हणजे कोळशावरची माती-दगड, हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. ती उपसणाऱ्या पोकलेनसारख्या यंत्रांच्या दांड्यांचे जगात दोन प्रमुख नमुने आहेत. एकात बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य बाहू, उजव्या हाताकडे आणि आर्म, म्हणजे त्याच्या पुढचा बाहू, डाव्या हाताकडे, दुसऱ्यात नेमके उलट. एका नमुन्यावर हात बसलेला ऑपरेटर दुसऱ्या नमुन्याच्या यंत्रावर चढला की बूम उचलायच्या जागी आर्म हलतो. खाणीच्या काठावर अशी चूक खेळातल्या चुकीइतकी स्वस्त नसते. म्हणूनच काही यंत्रांत नमुना बदलण्याची सोय दिलेली असते, म्हणजे माणसाला यंत्राप्रमाणे वळवण्याऐवजी यंत्रच माणसाच्या हाताप्रमाणे वळवायचे. तेव्हा जुना हात टिकवणे यात काही कमीपणा नाही. पण जायरोच्या बाबतीत नव्या रीतीत खरा फायदा आहे. गडी हलवणे, गोळी झाडणे आणि नेम धरणे ही सगळी कामे दोन अंगठ्यांवर पडतात, आणि अंगठा पडद्याचा काही भाग झाकतो तो वेगळाच. बंदूक चालू असताना ती वर उसळते, तो ‘रिकॉइल’ अंगठ्याने सतत खाली ओढत राहावा लागतो. मनगटाच्या बारीक कलाने हे काम झाले की अंगठा मोकळा होतो. फायदा असेल तर पहिल्या काही दिवसांचा तोटा सोसण्यात अर्थ आहे. जिथे फायदा नाही तिथे नुसत्या नावीन्यासाठी हात मोडू नये.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. हालचालींवर चालणाऱ्या खेळांची मोठी लाट येऊन ओसरली की. निन्टेन्डोचा वी हा कन्सोल २००६ साली आला आणि दहा कोटींवर विकला गेला. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० साली धडाक्यात आला, आणि २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. मग लोकांनीच ही रीत नाकारली असे का म्हणू नये? मी तसे म्हणणार नाही, कारण काय टिकले आणि काय पडले याचा माग काढला की माझ्या दोन अटीच समोर येतात. किनेक्ट कॅमेऱ्याने अख्खे शरीर पाहून त्याचा अर्थ लावे, त्यात जाणवण्याइतका उशीर होई आणि अर्थ लावण्यात चुकाही होत. निन्टेन्डोच्याच २०१६ सालच्या स्टार फॉक्स झीरो या खेळात नेम हातातले उपकरण फिरवून धरायचा होता. पण विमान दिसे टीव्हीवर आणि नेम दिसे हातातल्या छोट्या पडद्यावर. डोळ्याने कुठल्या पडद्याचे ऐकायचे हेच ठरेना, आणि समीक्षकांची मते दुभंगली. याउलट त्याच कंपनीच्या, २०१५ साली आलेल्या स्प्लॅटूनमध्ये हालचालीने नेम धरण्याची सोय सुरुवातीपासून चालू ठेवलेली होती. पडदा एक, उत्तर तत्काळ, आणि मोठ्या पल्ल्याच्या हालचाली जॉयस्टिकच्या काडीने करून फक्त बारीक नेम मनगटावर सोपवलेला. त्या खेळाच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांत आज ही रीत सर्रास दिसते. बीजीएमआयमधला ‘स्कोप उघडल्यावरच जायरो’ हा पर्याय याच शहाणपणाचा आहे.

तिसरा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा असतो, आणि तो सर्वांत वजनदार. एवढी मेहनत खेळासाठी? तासन्‌तास? इथे एक जुना प्रयोग मोठ्यांच्याच बाजूने बोलतो. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. काहींना दिवसाला एकच तास सराव, काहींना जास्त, शेवटच्या गटाला दिवसाला चार तास. १९७८ साली छापलेला निष्कर्ष असा की दिवसाला एकच तास बसणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले. गंमत म्हणजे तेच सर्वांत नाराज होते, कारण दिवस जास्त लागत होते. जायरोसाठी रात्र जागवणारा मुलगा याच चुकीत असतो. वेळ जास्त घालवूनही तो शिकतो मात्र कमी. आणि मधे खंड पडला म्हणून शिकलेले सगळे वाया जात नाही. एकदा बसलेला हात पुन्हा बसवायला पहिल्याहून कमी वेळ लागतो, हे हालचालींच्या शिक्षणावरच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय अॅपच्या ऑनलाइन दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला, त्या काळात हात गेला म्हणून कुणी हळहळले असेल तर ती हळहळ फुकट होती.

पण या जुळवून घेण्याचा विषय खेळापुरता नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सात मृत्यूंमागे सुमारे एक. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना लुळा पडलेला हात नव्याने शिकवावा लागतो, आणि तेही फिजिओथेरपी केंद्र कोसभर नव्हे, तालुकाभर लांब असताना. मग त्यांच्या हाती हालचालीवर चालणारा खेळ द्यावा काय? कॅनडातले डॉ. गुस्ताव्हो सपोस्निक आणि सहकाऱ्यांनी हेच तपासले. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर वीचे खेळ दिले, बाकीच्यांना पत्ते, डोमिनोसारखे साधे खेळ. २०१६ साली जाहीर झालेला निकाल सरळ होता. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात फरक नव्हता. काहींना हा खेळांचा पराभव वाटेल. मला त्यात तीच दोन अटींची गोष्ट दिसते, कारण पत्ता उचलला की उचलला जातो, निसटला की निसटतो. तिथेही उत्तर तत्काळ आहे आणि दर वेळी तेच आहे. महागडे उपकरण विकायला येणाऱ्याला हा निकाल जरूर दाखवावा, आणि पत्त्यांचा जोड घरात असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून त्याचा उपयोग करावा.

ज्याला जायरो शिकायचाच आहे त्याने सुरुवात फोनपासून करावी. यूट्यूबच्या अॅपमध्ये ३६० अंशांचा कोणताही व्हिडिओ लावून फोन हातात धरून सावकाश वळावे. दृश्य हाताबरोबर गुळगुळीत वळले तर पुढे जावे. वळलेच नाही किंवा धक्के देत वळले तर अंगठ्यानेच खेळावे, त्यात लाज नाही. पुढे जाणाऱ्याने जायरो आधी फक्त स्कोपसाठी चालू करावा, सेन्सिटिव्हिटीचे आकडे एकदा ठरवून पंधरवडाभर त्यांना हात लावू नये, रोज अर्धा-एक तास सराव मैदानात घालवावा, आणि हार-जीत त्या काळात मोजू नये. एवढे करूनही नेम बसला नाही तर खुशाल बंद करावा. तो निकाल मग पुराव्यावरचा असेल. आणि चंद्रपूर, वडसा, अहेरीच्या बाजारातल्या मोबाइल दुकानदारांना एक विनंती. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक अक्षरांत असतात, तसे किमतीच्या चिठ्ठीवर ‘जायरोस्कोप आहे’ किंवा ‘नाही’ एवढे दोन शब्द लिहीत चला. घरचे पैसे जमवून फोन घेणाऱ्या मुलाला ते घेण्याआधी कळले पाहिजे.